पाठीची उशी

स्कूटरचं काम होईपर्यंत नर्सबाई गॅरेजातल्या बाकावर टेकल्या. बाकावर कुणाची तरी जाडजूड उशी होती, ती त्यांनी बाजूला सारली. समोर एक लांबलचक, एकेकाळी रुबाबात फिरलेली गाडी मागच्या अंगाने पार जमिनीला टेकली होती. तिच्यापाशी मेकॅनिक आणि एक ठेंगण्या बाई बोलत उभे होते.

"वहिनी, स्पष्टच सांगतो. मागचं एअर सस्पेन्शन दोन्ही बाजूंनी गेलंय. गिअरबॉक्स झटके मारतोय. खालून तेल गळतंय ते वेगळंच."

"किती होतील?"

"चार लाखांच्या आत नाही. तेवढ्यात दुसरी बरी गाडी येईल. साहेब असते तर त्यांनाही हेच सांगितलं असतं, विकून टाका."

"नको. करा सगळं."

"विचार करा हवं तर."

"केलाय."

"बरं. मग ड्रायव्हरच्या सीटचंही बघतो. मोटर जळल्यामुळे ती मागेच अडकून बसलीय. किरकोळ काम आहे, आज होईल."

"तिला हात लावू नका."

"अहो, सगळ्यात स्वस्त काम तेच आहे."

"असू दे. ह्यांनी ठेवलीय तशी असू दे."

"वहिनी, साहेबांची उंची केवढी, तुमची केवढी. ब्रेकला पाय तरी कसा पोचतो तुमचा?"

बाई उघड्या दारातून आत बघत राहिल्या. मग बाकाकडे वळल्या.

"ताई, तेवढी उशी देता का?"