वाकड्या वांग्यांचा वानोळा

नाई नाई, भाऊ, पैसे खिशातच ठेवा. उद्या बहिणीचं लगन, पोतंभर वांगी पाह्यजेत — समजलं. पण अशे बिचकून काऊन पाहून राह्यले? हेच वांगं आहे. देठ एकीकडे, बूड दुसरीकडे, मधात पोट सुटलेलं — रिटायर बाबूवानी. अहेरीच्या बाजारात भाजीवाल्या सुकरीजवळ तुमची माय हेच घेते, सारी टोपली उलथीपालथी करून वाकडं तेवढं निवडते — सरळ वांग्याले चव नाई म्हणे. खरं आहे. पण सुकरी फक्त विकते, म्हणून तं तिनं तुम्हाले इकडे धाडलं. पिकते ते इथी, माझ्या परसात. बसा ना. पाणी घ्या. नाई? तहान नाई? बरं, राहू द्या गिलास.

मी तुमच्या वडिलाईच्या हाताखाली बाबू होतो — हरिदास खोब्रागडे. घरी नाव निघालं नसंल, निघण्यासारखं नाईच. पहिली वांगी निघाली तवा माझी बायको, सत्यशीला, टोपली भरून म्हणे, सायबाच्या घरी वानोळा द्या. आपल्या घरचं पहिलं पीक ओळखीच्या घरी धाडायचं, त्याचे कोणी पैसे घेत नाई, अन् वापस तं कोणीच करत नाई. मी दिला धाडून. दुपारी चपराशी टोपली घेऊन हापिसात हजर! सायेब म्हणतात, 'खोब्रागडे, तुझी वांगी वाकडी आहेत रे, आमच्याकडे चालत नाईत.' सारे हासले. मी बी हासलो — हापिसात हासायचाच पगार भेटते. पण त्याच टेबलाखाली पाटलाच्या घरच्या काकड्या होत्या, विळ्यावानी वाकड्या. त्या सायबाच्या घरी गेल्या. मग वाकडं काय होतं, सांगा? — नका सांगू. आत भिंतीवर बाबासाहेबाईचा फोटो पाह्यला तुम्ही, अन् मंगच तुमची तहान गेली.

तं मी ती टोपली सुकरीले देल्ली, म्हटलं बाजारात बस. संध्याकाळी तुमची माय तीच वांगी घेऊन गेली! दुसऱ्या दिवशी सायेब ढेकर देऊन म्हणतात, 'काय वांगी भेटतात हो इथल्या बाजारात!' मी मान हालवली. तवापासून सारं जग सरळ वांग्याचं बियाणं धरते, मी सगळ्यात वाकडं पाहून बियाण्यासाठी झाडावर पिकू देतो. सरळ निघालं तं बैलापुढं. ते रिटायर झाले, मी झालो, पण तुमच्या चुलीवर माझंच वांगं शिजून राह्यलं. हे त्याईले कवा सांगावं, किती लोकाईसमोर सांगावं — याच्याशिवाय माझा दुसरा छंदच नाई. सत्यशीला म्हणते, सोडा आता. टोपली वापस आल्याचं त्याच दिवशी तिच्या कानावर गेलं. त्याच्यानंतर तिनं कोणालेच वानोळा धाडला नाई — सख्ख्या बहिणीले बी नाई. परसात आली नाई ती पुन्हा. मीच... हे काऊन सांगून राह्यलो मी तुम्हाले?

असो. हे पोतं भरून ठेवलं आहे. न्या, फुकट न्या. एकच करा — पंगत बसली, बल्लारपूरचे पाहुणे बोटं चाटायले लागले, का वडिलाईले मोठ्यानं सांगा: हा खोब्रागडे बाबूच्या घरचा वानोळा आहे. बस्स, येवढंच.

काऊन? पाहुणे काय म्हणतील? — हो, पाहुणे तं आहेतच. मागाहून सांगता? हळूच? म्हणजे पाहुणे गेल्यावर... म्हणजे घरात, दार लावून... म्हणजे नाईच.

आवाज बापावर गेला तुमचा.

ठेवा पोतं खाली. नाई, नाई, दुप्पट पैसे बी नको. चंद्रपूरहून ट्रक येते, त्याच्यात चांगली सरळ, चकचकीत वांगी असतात, पंगतीत शोभतील. आलू जास्त घालजा, मंग चवीतला फरक समजत नाई. अन् जाताना फाटक लोटून घ्या — बकऱ्या शिरतात.