अ‍ॅक्सिडेंट खोडून इन्सिडेंट

नाही साहेब, टायपिंगची चूक नाही ती. अ‍ॅक्सिडेंट असंच छापलंय मी, मुद्दाम. तुम्ही आणलेल्या कागदावर इन्सिडेंट आहे, वाचलं मी — काय फरक पडतो म्हणता? पडत नसता तर दोनदा बोट ठेवून दाखवलं नसतंत. लाइट गेली, इन्सिडेंट. फाटकाशी दोघांची बाचाबाची झाली, इन्सिडेंट. बाईचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये कोपरापर्यंत गेला — तो अ‍ॅक्सिडेंट. इन्सिडेंट लिहिलं की कागद फायलीत जातो, अ‍ॅक्सिडेंट लिहिलं की सरकारी तपासनीस येतो, मशीन बंद करतो, रोलरवरची जाळी कुठाय विचारतो. आणि जाळी तुमच्या लाँड्रीत भिंतीला टेकवून ठेवलेली असते, चादरी भराभर आत जाव्यात म्हणून — मला कसं ठाऊक? ठाऊक आहे. चहा नको. सकाळपासून शिसारी आलीय — तुमची थोडी, पण सगळी तुमची नाही.

तुम्ही नवीन. तुमच्या आधीचे साहेब सहा महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसले होते. एकीची दोन बोटं गेली होती तेव्हा. घाम पुसत विचारत होते, लिहू कसं. आणि मी — तीस वर्षं लोकांचे इंग्रजी अर्ज लिहितोय ना, शब्दांची भारी मिजास — मीच म्हटलं, अ‍ॅक्सिडेंट कशाला साहेब, इन्सिडेंट घाला, सौम्य वाटतं. हो, मीच. शेण खाल्लं. ते खूश. घरात कुणाला काम हवंय का म्हणाले, आणि मी धाकट्या बहिणीला पाठवलं — त्याच रोलरवर.

मग काय, तपासनीस आला नाही, जाळी भिंतीलाच राहिली. तुमच्या कागदात 'एक महिला कामगार, उजवा हात' एवढंच आहे, नाव घालायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत. सकाळी मी तिच्या उशाशी होतो. शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं माहितेय? "दादा, चादरी जळल्या का रे?"

हे दुकान आज उघडणारच नव्हतो. तपासनिसाला पत्र टाइप करायला आलो — आत्ताचं आणि सहा महिन्यांपूर्वीचंही, तो शब्द कुणी सुचवला त्याच्या नावासकट, म्हणजे माझ्या. तुम्ही यायच्या आधीच पाठवलं. तुमचा कागद घ्या, दुसरा कुणीतरी देईल बदलून, माझ्यासारखे पुष्कळ आहेत. उठा आता. मला हॉस्पिटलात जायचंय.