बारा नंबरचा चेहरा

आमच्या खाणगावातल्या पोलीस संग्रहालयाच्या बातमीपत्रात आवाहन होतं: शनिवारी या, चहा-केक घ्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांच्या संपात पकडलेल्या अनोळखी कैद्यांचे फोटो ओळखून द्या. रांगेत माझ्यापुढे ऐंशी पार केलेली बाई होती. टेबलामागे निवृत्त हवालदार ब्रॅमली.

"बारा नंबर माझी आई. ॲडा ओल्डरॉइड."

"वा, मावशी! लिहिलं. गुन्हा माहीत आहे?"

"खाणीबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगातला कोळसा वेचला. घरात चूल पेटेना."

"म्हणजे कोळसाचोरी."

"मालकाने फेकून दिलेला होता रे तो! 'वेचला' असं लिही."

"नोंदवहीत नाव नाही, पण बारा नंबरपुढे चोरी आहे. तेच लिहावं लागतं."

"बरं, लिही. आणि तिला केसांना धरून ओढत नेणाऱ्याचं नाव? तेही नोंदवहीत असेलच."

"आहे की. पण शिपायांची नावं आम्ही लावत नाही. त्यांची नातवंडं याच गावात राहतात, त्यांना वाईट वाटतं."

"आणि मी काय चंद्रावर राहते?"

"नियम आहे, मावशी. मी नाही केला."

"त्या दिवशी तोही हेच म्हणाला असेल. लावायची तर दोघांची नावं लाव, नाहीतर माझ्या आईचं खोड."

"अहो, एवढ्या वर्षांनी नाव सापडलंय..."

"खोड म्हणते ना!"

त्याने खोडलं. चहाला हात न लावता बाई निघून गेली.

"पुढचे! तुमचा कितवा नंबर?"

"सतरा. माझे आजोबा," मी म्हणालो. "पण आधी त्यांना पकडणाऱ्याचं नाव सांगा."