खिडक्या उघडाव्यात

पुस्तकात छापलं ते खरं, असं मले तरी कोणी सांगू नका गा.

ऐंशीच्या दशकात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची माहिती साठवायचं डिस्कचं यंत्र आलं, धान्याच्या कोठीएवढं. सोबत मुंबईच्या हेड ऑफिसनं लिहिलेलं माहितीपुस्तक. त्यात एक वाक्य होतं, 'खोली तापल्यास खिडक्या उघडाव्यात.'

मी कळवलं, "नागपुरात उन्हाळ्यात खिडकी उघडली की लू आणि धूळ आत येते. वाक्य दुरुस्त करा."

खात्री करायले मुंबईचे साहेब आले. कधी? डिसेंबरात! माझीच शाल पांघरून, संत्री सोलत त्यांनी शेरा मारला, "हवा उत्तम. दुरुस्तीची गरज नाही."

मे महिन्यात खोली तापली. आपण पडलो आज्ञाधारक. पुस्तक उघडलं, मग खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत यंत्रानं मान टाकली.

साहेब मुंबईहून धावत आले. घामानं निथळत ओरडले, "अहो, आधी त्या खिडक्या बंद करा!"

मी हात जोडले. "करतो ना साहेब. पण पुस्तकात तर 'उघडाव्यात' लिहून हाये. तेवढी दुरुस्ती लेखी द्या, मंग लावतो."