सहज आलो

हसू नका यार, अमेरिकेत शॉमबर्गला नवा होतो तेव्हा आमचा मॅनेजर ग्रेग मला म्हणाला, "ड्रॉप बाय एनी टाइम!" मला वाटलं, माणूस घरी बोलावतोय. शनिवारी संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन गेलो आणि बेल वाजवली.

त्याने दार अर्धंच उघडलं. चेहरा पांढराफटक. "काय झालं? सर्व्हर डाउन आहे का?"

म्हटलं, "नाही नाही, सहज आलो."

आतून त्याच्या बायकोने घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

ग्रेगने डबा घेतला, "सी यू मंडे" म्हणाला आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही रे! वर परतीची कॅब येईना. त्याच्याच दारासमोर थंडीत कुडकुडत उभा, आणि तो पडद्याआडून बघतोय, हा अजून गेला कसा नाही.

तेव्हाच ठरवलं, आपलं घर असं होऊ द्यायचं नाही.

परवा रविवारी माझी बेल वाजली. मी दार अर्धंच उघडलं. बाहेर ऑफिसातला नवा पोरगा, नागपूरचा सौरभ, हातात डबा. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"काय झालं? सर्व्हर डाउन आहे का?"

"नाही दादा, सहज आलो."

गेलो यार मी कामातून!