खंडेनवमीला नारळ फोडला आणि कंप्युटर बंद पडला

मी मूळचा वाटूरचा. बाप परतूरच्या जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलायचा, माय तिथंच कापूस निवडायची. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, ते बी जालन्यात खोली करून, हातानं भाकरी थापून, आणि हे मी कुठंबी छाती काढून सांगतो, त्यात लाजायचं काय. बी.एस्सी.चा कागद आल्ता तर बापानं तो जिनिंगवर नेऊन एकेका हमालाला दाखवला.

मंग आमच्याच भागात एका हायस्कुलात गणिताला लागलो. काय सांगू तुम्हाला, लेकरं हुशार, पण तालुक्याच्या बाहेर पडली की दबायची. आमची एक पोरगी दहावीला पहिली आल्ती, बारावी झाल्यावर जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला गेली. तिथला बाबू म्हणला, बाई, एवढी चार नावं कंप्युटरवर टाका. ती दुसऱ्या दिवशी परत. मला म्हणली, सर, अक्षरं येत होती की, हात लावायचं भ्या वाटलं. तवापासून माझ्या डोक्यात एकच, लेकरांचं हे भ्या गेलं पाहिजे.

दोन हजार सालाच्या आगंमागं शाळेला एक कंप्युटर आला. हेडसरांनी तो ऑफिसात ठेवला, त्यावर मखमली कापड, दाराला कुलूप. शनिवारी लेकरं रांगेनं यायची, चपला बाहेर, दारातून बघायची अन् जायची, एकदोघं तर हात जोडायची. मी म्हणलं, सर, हात लावू द्या. ते म्हणले, मास्तर, मशीन एक अन् लेकरं एवढी, बिघडली तर तुम्ही घडवून देता का? मंग मी वर्गाच्या फरशीवर चुन्यानं आख्खा किबोर्ड काढला, एकेक बटण पाटीएवढं. लेकरं त्याच्यावर उड्या मारून आपली नावं लिहायची. पण फरशी ती फरशी.

खंडेनवमीला आमच्याकडं ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, नांगराची, टेम्पोची, शिलाई मशीनची. शाळेत घंटा अन् प्रयोगशाळेतला तराजू मांडायचे, त्या साली कंप्युटरबी मांडला. हेडसरांनी हळदकुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला अन् पाणी शिंपडलं बराबर किबोर्डवर. मी बाजूलाच ताट धरून उभा. सायन्सचा ग्रॅज्युएट, पण मलाबी काही वाटलं न्हाई, उलट मी हात जोडले.

दसऱ्यानंतर कापड काढलं तर बटणांत मुंग्या. निम्मी बटणं दबंनात, दबली ती वर येईनात. आठ दिवसांनी तपासणीला साहेब येणार. हेडसर म्हणले, मास्तर, कुणाला बोलू नका, झाकून ठेवू, साहेबांना म्हणू लाईट न्हाई. मी म्हणलं, सर, एकदा झाकला की तो कायमचाच झाकला. मला अन् दहावीच्या पोरींना द्या, आम्ही खोलतो. ते म्हणले, अजून बिघडला तर? म्हणलं, आता बिघडायचं काय राह्यलंय? तवा ते कुठं हासले.

आमच्यात फरहत होती, टेलरची पोरगी. घरून पेचकस घेऊन आली. म्हणली, सर, अब्बाची मशीन मीच खोलते, हिच्यात तेल टाकू का? म्हणलं, न्हाई बाई, तेवढं नको. बटणं उपसली, धुतली, सुपात वाळू घातली. आतून अक्षता निघाल्या, पोरी हासून हासून बेजार. लावायची वेळ आली तर मीच अडकलो, कोणतं कुठं? फरहत म्हणली, सर, वर्षभर ह्याच्यावर नाचून राह्यलो आम्ही, जल्दी द्या इकडं. एक बटण तेवढं मुकं राह्यलं, बाकी चालू.

हेडसर दारात उभे, चपला काढून. फरहत खुर्चीवरून उठली, म्हणली, सर, तुम्ही तुमचं नाव टाका. त्यांनी एक बोट पुढं केलं अन् मागं घेतलं. हळूच मला विचारलं, मास्तर, करंट तर न्हाई ना लागत? काय सांगू, तवा मला समजलं. मी त्यांना कंजूस समजून राह्यलो होतो, अन् माणूस भेत होता, आमच्या लेकरांसारखाच. मी म्हणलं, न्हाई लागत, सर. त्यांनी नाव टाकलं, लई वेळ लागला, कुणी हासलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप निघालं. साहेब आले तवा फरहत टाईप करून राह्यली होती.

आता मी त्याच शाळेत हेडमास्तर हाये. औंदा दहा कंप्युटर आले, नवीकोरी खोली. आल्या आल्या मनात पहिलं काय आलं सांगू? चांगलं मजबूत कुलूप आणावं. खरं सांगतो. म्हातारपणी मलाबी भ्या वाटलं. मंग खोलीची किल्ली कंप्युटर शिकवायला आलेल्या नव्या बाईंच्या हातात दिली अन् परत मागितली न्हाई. त्यातले दोन आत्ताच बंद पडलेत. पडू द्या. वापरून बंद पडलेत, झाकून न्हाई. लेकरांचं भलं होवो.