सख्खी भावंडं

—आन् खाटंवर न्हाई, डाक्टरसाहेब, तिथं शेवया वाळत घातल्यात. त्या ट्रंकेवर बसा. रशीदचे अब्बा घरात न्हाईत. असते तरी मी त्यांना तुमच्यासंगं बोलू दिलं नसतं. पुण्यात तुमच्या पांढऱ्या उंदरांची घाण काढता काढता माणसाचं डोकं पांढरं झालं, आन् तुमी काय म्हणलात? ‘शेखलाल, चौकशी हुईस्तवर दौंडला घरी बस.’ कसली चौकशी? म्हाताऱ्या उंदराचं कातडं सोलून तरण्याच्या पाठीवर शिवता तुमी, म्हातारपण कातड्यात असतं का अंगात ते बघाया—आन् ठिगळ गळून पडलं की गुन्हेगार कोण? दाणापाणी घालणारा!

व्हय, ठाव हाय मला. एका रक्ताचा उंदीर असंल तरच कातडं धरतं, परकं असंल तर अंग टाकून देतं. मग तुमचे टाकेच कच्चे असतील—ते न्हाई बघायचं! हितं माझा माणूस जेवत न्हाई. सकाळधरनं दाराकडं तोंड करून बसतोय, साहेब बोलवणं धाडतील म्हून. आत्ता कुठं डोळा लागलाय—काय? व्हय, हायेत घरात. न्हाई उठवणार मी.

कवा दाणा चोरला न्हाई त्यांनी. पाक माणूस. पापी तुमीच! एक रक्त पाहिजे म्हून सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लावता, त्यांच्या पिल्लांचीबी तशीच, म्होरं त्यांच्या पिल्लांची—शी! आन् लावायची कुणी? पाच वेळच्या नमाजी माणसानं! आमच्यात चुलत-मामेभावंडांचा निकाह व्हतो, पण सख्ख्यांचा? मुकं जनावर झालं म्हून काय झालं? त्यांच्या हातानं हुईना ते. घातला शेजारच्या पिंजऱ्यातला नर, परक्या घराण्यातला. पांढराच की तोबी! काय बिघडलं त्यात? पिल्लंबी कशी गुटगुटीत झाली म्हणं—

हे काय लिवून घेताय, साहेब?

उठलात? च्या ठेवलाय की. बसा... मी—काय बोलले मी? न्हाई, म्हंजी मला काय कळतंय उंदरांतलं, मी आपली बाईमाणूस—जावा तुमी. जावा! आन् त्यांना यातलं काई—

अवं... तुमी झोपेतनं उठून कवापासनं दारात हुबं हायसा?